हाडांची रात्रपाळी : प्रस्तावना

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या एक काकू हातात दोन कागद घेऊन आल्या. मी जन्मभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे निवृत्तीनंतर गल्लीतले रिपोर्ट वाचायचं काम आपसूक माझ्याकडे आलं आहे. दोन्ही कागद एकाच रक्ततपासणीचे होते, आठ दिवसांच्या अंतराने केलेल्या. हाड झिजताना त्यातल्या कोलॅजेनचे तुकडे सुटून रक्तात येतात. त्यांपैकी सीटीएक्स नावाच्या तुकड्याचं प्रमाण या तपासणीत मोजतात. दुसऱ्या कागदावरचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. मधल्या आठवड्यात काकूंनी कॅल्शियमची गोळी सुरू केली होती. "सर, गोळी सुरू केली तं हाडं अजूनच झिजून राह्यली," त्या म्हणाल्या. "बंद करू का?"

मी विचारलं, रक्त केव्हा दिलं होतं? पहिल्यांदा दुपारी तीनला, जेवून, बाजाराला निघता निघता. दुसऱ्यांदा सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, कारण डॉक्टरांनी तसं करून आणायला सांगितलं होतं. उलगडा झाला. आठ दिवसांत काकूंच्या हाडांना काहीही झालं नव्हतं. निरोगी माणसाचंही रक्त पहाटे आणि दुपारी तपासलं तर सीटीएक्समध्ये दुपटीचा फरक पडू शकतो. म्हणूनच ही तपासणी सकाळी, रात्रभराच्या उपासानंतर करावी असा जगभरचा संकेत आहे. दोन्ही कागदांवर तारीख होती. वेळ एकावरही नव्हती.

"हाडांची रात्रपाळी" हे पुस्तक त्या न लिहिलेल्या वेळेबद्दल आहे. हाडांविषयी बोलताना आपण नेहमी "किती" विचारतो: कॅल्शियम किती, ड जीवनसत्त्व किती, घनता किती. या पुस्तकाच्या दोन्ही लेखिका, एक अंतःस्रावतज्ज्ञ आणि एक आहारतज्ज्ञ, "केव्हा" असं विचारतात. जेवण केव्हा, ऊन केव्हा, झोप केव्हा, इंजेक्शन केव्हा. दोघी माझ्या जुन्या विद्यार्थिनी. हस्तलिखित वाचताना मला शिक्षकाचा अभिमान कमी आणि विद्यार्थ्याची ओशाळलेली जाणीव जास्त झाली, कारण चाळीस वर्षं मी हाडं शिकवली ती फळ्यावर काढलेल्या चित्रासारखी, घड्याळ नसलेल्या खोलीतली.

आपली भाषाही त्या फळ्यासारखीच आहे. अस्सल शेतकऱ्याला आपण हाडाचा शेतकरी म्हणतो, मुरलेल्या सवयीला हाडीमाशी खिळलेली म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शत्रुत्वाला हाडवैर म्हणतो. जे बदलत नाही ते हाड. प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून लहान खड्डा करतात, मग ऑस्टिओब्लास्ट येऊन तो नव्या हाडाने भरतात. एका खड्ड्याचं काम पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. खोदणं काही आठवड्यांत उरकतं, भरणं महिनोन्‌महिने चालतं. म्हणून खोदणारे थोडे जरी चढले तरी भरणारे मागे पडतात, आणि वर्षानुवर्षं अशी तूट साचली की हाड आतून जाळीदार होऊन ठिसूळ होतं.

हे खोदकाम दिवसभर एका लयीत चालत नाही. आमच्या जुन्या शहरात राहणाऱ्याला ते समजावून सांगायला एक रात्र पुरते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रात्री अकोल्यातले शिवभक्त गांधीग्रामला पूर्णेवर जातात, भरणे म्हणजे पाण्याच्या घागरी भरतात आणि कावडी खांद्यावर घेऊन रात्रभर चालत राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. काही मंडळांच्या कावडींना इतके भरणे असतात की पुढचं टोक वळणावरून दिसेनासं होतं तरी मागचं टोक आलेलं नसतं. "हर्र बोला महादेव"च्या गजरात खांदा बदलायचा, पाणी हिंदकळू द्यायचं नाही, पाय थांबू द्यायचे नाहीत. मी तरुणपणी दोनदा गेलो आहे. रात्री अडीच-तीनला रस्त्याच्या कडेला क्षणभर टेकलो की कळायचं, देहातला सगळा उजेड या वेळी विझलेला असतो.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं की त्याच वेळी देहात एक कारखाना जोरात सुरू असतो. रात्री उशिरा पॅराथायरॉइड संप्रेरक वाढत जातं. पोट रिकामं, आतड्यातून कॅल्शियम येत नाही, मूत्रपिंडातून थोडं थोडं जातच असतं. रक्तातली पातळी मात्र टिकवावीच लागते, कारण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, नसांतले संदेश सगळं त्यावर चालतं. शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत. रक्त आणि पेशींबाहेरचा द्रव मिळून जेमतेम एक ग्रॅम. ही एका ग्रॅमची गल्लापेटी रात्री रिकामी होऊ लागली की देह तिजोरी उघडतो. पहाटे सीटीएक्स शिखरावर असतं ते त्यामुळे, आणि सकाळचं जेवण पोटात पडल्यावर ते उतरू लागतं. रोज रात्री उचल, रोज दिवसा भरणा. यात रोग काही नाही, हा रिवाज आहे. रोग सुरू होतो तो भरणा राहून गेला की.

या विषयाचा इतिहास एका गेंड्यापासून सुरू होतो, आणि तो गेंडा आपल्या देशातला होता. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय एकशिंगी गेंडा मेला. त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाला थायरॉइडला चिकटलेली एक लहानशी पिवळसर ग्रंथी दिसली, तीच पॅराथायरॉइड. माणसात तीच ग्रंथी स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने दाखवून दिली आणि १८८० साली तिचं वर्णन छापलं. गव्हाच्या-डाळीच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी साऱ्या सांगाड्याच्या मुनीम आहेत, हे समजायला पुढची चाळीस-पन्नास वर्षं गेली.

दरम्यान हाडाकडे बघण्याच्या निरनिराळ्या घराण्यांनी मूळ धरलं. पहिलं घराणं भाराचं. जर्मनीत युलियस वोल्फने १८९२ साली मांडलं की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवतं. विसाव्या शतकात अमेरिकेच्या हॅरल्ड फ्रॉस्टने त्यात पेशींचा हिशेब घातला आणि मोडणं-बांधणं ही एकाच टोळीची दोन कामं आहेत हे दाखवलं. अंतराळवीर भाराविना राहतात तेव्हा त्यांच्या मांडीच्या खुब्याजवळचं हाड महिन्याला एक टक्क्याहून अधिक झिजतं, हा या घराण्याचा सर्वांत बोलका पुरावा. जात्यावर पहाटे दळणाऱ्या, डोक्यावर घागरी वाहणाऱ्या आपल्या आज्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं इतकंच.

दुसरं घराणं हिशेबाचं: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि संप्रेरकं. त्याचा मोठा पुरुष बॉस्टनचा फुलर अल्ब्राइट. १९४० च्या आसपास त्याने पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मोडक्या मणक्यांचा संबंध इस्ट्रोजेनच्या ओसरण्याशी जोडला. पण त्याआधी, १९२९ साली, त्याने सहकाऱ्यांबरोबर उंदरांवर केलेल्या एका प्रयोगातून निघालेली गोष्ट कुणाच्या गळी उतरली नव्हती. पॅराथायरॉइडचा अर्क दिलेल्या उंदरांच्या हाडांतल्या जाळ्या चक्क वाढल्या होत्या. हाड खाणारं म्हणून बदनाम असलेलं संप्रेरक हाड बांधतं कसं? कोड्याचं उत्तर मात्रेत नव्हतं, वेळेत होतं. हे संप्रेरक सतत चढलेलं राहिलं तर हाड झिजतं. दिवसातून एकदा थोडा वेळ चढून उतरलं तर बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्याच तत्त्वावरचं रोज एकदा टोचायचं टेरिपॅराटाइड हे इंजेक्शन २००२ साली अमेरिकेत मंजूर झालं. उंदरापासून औषधापर्यंत त्र्याहत्तर वर्षं. औषधाची कुपी तीच, लय बदलली की विष. "केव्हा"चं याहून मोठं उदाहरण हाडांच्या शास्त्रात नाही.

तिसरं घराणं पेशींच्या संदेशांचं. १९९० च्या दशकाअखेरीस बांधणाऱ्या पेशी खोदणाऱ्या पेशींना कोणत्या खुणेने बोलावतात आणि कोणत्या खुणेने थोपवतात ते रेणू सापडले, आणि आजची कितीतरी औषधं त्यातून निघाली. हे घराणं सध्या राज्य करतं आहे. त्याच्यावर पुस्तकं उदंड आहेत, म्हणून मी पुढे सरकतो.

चौथं घराणं घड्याळाचं, आणि ते हाडांच्या वाड्यात मागच्या दाराने आलं. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं झाड अंधाऱ्या जागी ठेवलं, तरी त्याची पानं वेळेवर मिटत-उघडत राहिली. म्हणजे घड्याळ बाहेरच्या उजेडात नाही, आत आहे. "सुमारे एका दिवसाची" या अर्थाचा सर्केडियन हा शब्द फ्रान्झ हालबर्गने १९५९ साली रूढ केला. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना फळमाशीत घड्याळ बिघडवणारा जनुक सापडला. पुढच्याच वर्षी उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, मुख्य घड्याळाची जागा निश्चित झाली. या जनुकांचं यंत्र उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे या शास्त्राचं मोठं पीठ मदुराईला उभं राहिलं. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गुहेतल्या वटवाघळांवर काम केलं. गुहेच्या मिट्ट काळोखात पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळं बाहेरचा दिवस पाहू शकत नव्हती, तरी त्यांची वेळ चुकत नव्हती. कारण भोवतालची मोकळी वटवाघळं संध्याकाळी उडून जात आणि पहाटे परतत. त्या लगबगीवर कैदी आपलं घड्याळ लावून घेत. १९८१ साली प्रसिद्ध झालेलं हे निरीक्षण मला या पुस्तकाच्या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. जिवाचं घड्याळ सूर्य लावतो, पण शेजारीपाजारीही लावतात.

हाडांपर्यंत हे शास्त्र पोहोचलं ते २००५ मध्ये, ह्यूस्टनच्या जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटामुळे. घड्याळाचे काही जनुक काढून टाकलेल्या उंदरांची हाडं कमकुवत होतील अशी कुणाचीही अटकळ असती. ती जास्त भरली. मेंदूकडून येणारा हाडबांधणीचा लगाम या जनुकांमार्फत पेशींवर बसतो, आणि जनुक गेले की लगाम सुटतो, असं त्यांनी दाखवलं. उलट, घड्याळाचाच दुसरा एक जनुक काढलेल्या उंदरांत हाड कमी भरलेलं आढळलं. तेव्हा "घड्याळ बिघडलं की हाड बिघडतं" हे सुटसुटीत वाक्य शास्त्राला मंजूर नाही. लेखिकांनीही ते कुठे लिहिलेलं नाही, आणि मोहाच्या जागा पुष्कळ असताना लिहिलेलं नाही याचं मला कौतुक आहे.

संप्रेरकांच्या या मेळ्यात प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं आणि जाग येण्याच्या वेळी शिखरावर. ते हाडबांधणीला आवर घालतं, म्हणून त्याचं रोज रात्री उतरणं मोलाचं. वाढीचं संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत उसळतं. मेलॅटोनिन अंधाराची बातमी देतं. जेवल्यावर आतड्यातून सुटणारी संप्रेरकं हाडांचं खोदकाम थांबवतात. माणूस दिवसभर उपाशी राहिला तर दुपारची ती उतरण बरीचशी नाहीशी होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. इस्ट्रोजेनची रोजची लय तेवढी ठळक नाही, पण आयुष्याची लय त्याच्याच हाती. ते ओसरलं की रात्रपाळीच्या मजुरांवर देखरेख करणारा मुकादमच उरत नाही.

आता हे सगळं वऱ्हाडात का वाचायचं? पहिलं कारण डोक्यावर तळपतं आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, आणि तरी ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या देशात उन्हाच्या गावीही सर्रास आढळते. "कोवळ्या उन्हात बसा" हा घरोघरचा सल्ला. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात नसल्यासारखेच असतात. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हाच ऊन त्या कामाचं. अकोला साधारण २०.७ अंश उत्तरेला. डिसेंबरात आपल्याला अंगणात बसावंसं वाटतं, तेव्हा भर दुपारीही सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी असते. मेच्या चौथ्या आठवड्यात एक दुपार अशी येते की सावली पायाखाली नाहीशी होते. किरण तेव्हा उदंड असतात, आणि त्याच वेळी सारं शहर दारं लावून कूलरपुढे पडलेलं असतं. बाहेर पडलंच तर डोक्याला दुपट्टा, तोंडाला रुमाल, हातात मोजे. सूर्य देतो तेव्हा आपण घेऊ शकत नाही, आणि आपण घ्यायला बसतो तेव्हा तो हात आखडता घेतो.

म्हणून कोवळं ऊन वाया जातं का? नाही. मेंदूतलं घड्याळ लावायला सकाळचा उजेडच लागतो. दोन उन्हं, दोन कामं: कोवळं ऊन वेळेसाठी, चढलेलं ऊन जीवनसत्त्वासाठी. या दोन उन्हांची आपण इतकी वर्षं गल्लत करत आलो.

दुसरं कारण रात्रीच्या कामाचं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात २००९ साली असं दिसलं की वीस वा अधिक वर्षं रात्रपाळ्या केलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांत मनगट आणि खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका आठ वर्षांच्या पाहणीत सुमारे ३७ टक्क्यांनी अधिक होता. २०१७ मध्ये बॉस्टनच्या एका प्रयोगात दहा पुरुषांना तीन आठवडे अपुरी झोप आणि २८ तासांचा दिवस असं ठेवलं. खोदकामाची खूण जागच्या जागी राहिली, बांधकामाची खूण घसरली, आणि तरुणांत जास्त घसरली. दहाच माणसं, त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावा. पण वाचताना मला आपल्या डाळ मिलमधले हमाल, जिनिंगच्या हंगामात रात्रभर राबणारे मजूर, एसटीचे चालक आणि वॉर्डातल्या सिस्टर आठवल्या. सर्वांत जास्त आठवला तो हरभऱ्याला पाणी द्यायला माघाच्या थंडीत रात्री दोनला उठणारा शेतकरी, कारण त्या आठवड्यात कृषिपंपाची लाइन रात्रीची असते. दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे. २०१७ साली राज्याने सौर कृषिवाहिनीची योजना आणली तीही त्याचसाठी. आपण त्याकडे साप-विंचवाच्या भीतीपुरतं पाहिलं. ही माणसं एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची होतात. त्यांच्या हाडांचं काय होतं हे कुणी मोजायला हवं.

तिसरं कारण ताटाचं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅम केली. ज्वारीच्या भाकरीत ते फारसं नाही. दूध, ताक, तीळ, अंबाडीची भाजी यांतून ते यायचं, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला ते सर्वांत शेवटी यायचं. त्यात उपासांची रांग: सोमवार, गुरुवार, चतुर्थी, चंद्रोदयापर्यंत पोटात चहा आणि साबुदाणा. आमच्या जुन्या शहरात श्रावणी सोमवारचा उपास आणि रमजानचा रोजा शेजारशेजारच्या गल्ल्यांत चालतात. एकीकडे जेवण रात्रीवर जातं, दुसरीकडे सहरीला पहाटेवर. उपास सोडा असं हे पुस्तक सांगत नाही. सोडायच्या वेळी ताटात काय असावं तेवढं सांगतं. मदुराईच्या गुहेतली ती वटवाघळं इथे आठवतात. गल्ली जेव्हा जेवते तेव्हाच माणूस जेवतो.

चौथं कारण पाण्याचं. पूर्णाखोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाण्यातून पसरला आहे, आणि तिथल्या गावांतून मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड नवी नाही. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्याचं शेवटचं पाऊल मूत्रपिंडात पडतं. मूत्रपिंड थकलं की रक्तातला हिशेब कोलमडतो, आणि पॅराथायरॉइड रात्रीपुरतं न चढता अष्टौप्रहर चढून बसतं. अल्ब्राइटच्या कोड्याची काळी बाजू ती हीच. त्याच्या जोडीला गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. त्यांत स्टेरॉइड असलं तर दोन दिवसांत आराम पडतो. कृत्रिम कॉर्टिसॉलच ते, पण त्याला रात्री उतरणं ठाऊक नाही. वर्ष-दोन वर्षांनी मणका खचतो तेव्हा पुडीची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

आणि पाचवं, स्त्रियांचं. भारतीय स्त्रीची पाळी पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षं आधी जाते. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेले, तर पस्तिशीतल्या बाईच्या हाडांना पन्नाशी गाठते. उसाची मोळी मात्र पस्तिशीचीच राहते.

महाराष्ट्रात हाडांवर चांगलं काम झालं आहे, आणि लेखिकांनी त्याचं ऋण मोकळेपणाने मानलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवतींचा पाठपुरावा केला. त्यांच्या मुलांची हाडं वयाच्या सहाव्या वर्षी मोजली, तेव्हा गरोदरपणी कॅल्शियमयुक्त पदार्थ जास्त वेळा खाणाऱ्या आयांच्या मुलांची हाडं अधिक भरलेली निघाली. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा आणि डॉ. वामन खाडिलकर यांनी भारतीय मुलांच्या हाडांची मोजमापं उभी केली, नाहीतर आपली मुलं परक्या मुलांच्या फूटपट्टीने मोजली जात. पण हे सगळं काम प्रामुख्याने "किती"चं. "केव्हा"ची पाटी अजून कोरी आहे, आणि वऱ्हाडासारखी प्रयोगशाळा दुसरी नाही: एवढा उन्हाळा, एवढे उपास, रात्रीची लाइन आणि खारं पाणी एकाच खोऱ्यात.

इथे वाचकाला सावध करणं प्रस्तावनाकाराचं काम आहे. घड्याळाचं नाव निघालं की वेळापत्रक विकणारे उगवतात. १९९४ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी दाखवलं की कॅल्शियम रात्री घेतलं तर रात्रीचं खोदकाम मंदावतं. गोष्ट खरी. पण त्यामुळे पुढे हाडं कमी मोडतात असं त्यातून सिद्ध होत नाही. टेरिपॅराटाइड सकाळी टोचलेल्या स्त्रियांच्या कण्याची घनता संध्याकाळी टोचलेल्यांपेक्षा जास्त वाढली, असा २०१२ मधला एक अभ्यास आहे. तोही पन्नासेक स्त्रियांचाच. आपल्या दिनचर्येच्या परंपरेबद्दलही हेच. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येला स्वतंत्र अध्याय आहे, यावरून आपल्या पूर्वजांना "केव्हा"चं मोल कळत होतं एवढं म्हणता येतं. त्यांना संप्रेरकं ठाऊक होती असं म्हणणं म्हणजे त्यांना नको असलेलं सर्टिफिकेट देणं.

लेखिकांनी पुस्तक तीन धाग्यांनी विणलं आहे. देहात चोवीस तासांत काय घडतं हा पहिला. आयुष्यात, गर्भापासून म्हातारपणापर्यंत, ती लय कशी बदलते हा दुसरा. आणि आपलं गाव, ऋतू, काम, सण ही लय कशी ओढूनताणून वाकवतात हा तिसरा. त्यांनी पुरावा पक्का, कच्चा आणि नुसता अंदाज असा वेगळा ठेवला आहे. वाचकाने तेवढी पायरी पाहून पाऊल टाकावं. औषधांचे डोस शोधायला कुणी हे उघडू नये. मला त्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न असा वाटतो: "केव्हा" हे ठरवायचा अधिकार आहे कुणाकडे? आठ तासांची झोप, वेळेवर जेवण, दुपारी वीस मिनिटांचं ऊन हे सांगायला सोपं. ज्याची वीज रात्री येते, जिचं ताट सर्वांत शेवटी वाढलं जातं, त्यांचं घड्याळ त्यांच्या हातावर नसतं. हाडांचं आरोग्य निम्मं दवाखान्यात ठरत असेल, तर उरलेलं फीडरच्या वेळापत्रकात आणि स्वयंपाकघरात ठरतं.

काकूंना मी त्या दिवशी सांगितलं, गोळी बंद करू नका. ती साध्या कार्बोनेटची आहे, तेव्हा उपाशीपोटी घेऊ नका, जेवणाबरोबर घ्या. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "कोणत्या जेवणाबरोबर, सर? सकाळी यायचे डबे करता करता उभ्यानंच खाते. रात्री सगळ्याचं झाल्यावर बसते, तवा अकरा वाजते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हस्तलिखित टेबलावरच होतं. ते त्यांच्याकडे सरकवून मी म्हणालो, हे ज्यांनी लिहिलं आहे त्यांना तुमचा हा प्रश्न पाठवतो. पाठवला. पुस्तकातलं आहाराचं प्रकरण त्यानंतर पुन्हा लिहिलं गेलं.

जुने शहर, अकोला